खासदारांना तंत्रज्ञान समजावणारे सर्वपक्षीय गट: आत नेमकं काय चालतं?

प्रश्न असा आहे: "मी सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे. आमच्या व्यावसायिक संस्थेने विचारलंय की, ब्रिटिश संसदेतल्या अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञानाच्या सर्वपक्षीय गटाच्या बैठकांना संस्थेच्या वतीने जाल का. हे गट करतात काय? खासदारांना खरंच काही शिकवता येतं, की ही नुसती कंपन्यांची चहापानं असतात? आणि गेलेच, तर मी तिथे करायचं काय?"

जरूर जा. फक्त शिकवायला म्हणून जाऊ नका. मग कशाला जायचं, हे सांगण्याआधी १८९७ सालची एक गोष्ट ऐका.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या विधिमंडळात त्या वर्षी २४६ क्रमांकाचं एक विधेयक आलं. एडवर्ड गुडविन नावाच्या डॉक्टरांना वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढायची रीत सापडली होती, निदान त्यांची तशी खात्री होती. अशी रीत असूच शकत नाही, हे १८८२ सालीच सिद्ध झालेलं होतं. गुडविन यांचा प्रस्ताव उदार होता: राज्याने ही रीत कायद्याने मान्य करावी, मग राज्यातल्या शाळांना ती फुकट वापरता येईल. विधेयकातला हिशेब उलगडून पाहिला, तर पायची (π) किंमत ३.२ निघत होती. कनिष्ठ सभागृहाने ते ६७ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं.

पर्ड्यू विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक क्लॅरेन्स वॉल्डो तेव्हा विधानभवनात होते, पण भलत्याच कामासाठी. राज्याच्या विज्ञान अकादमीच्या अनुदानाचं काम होतं. तिथे भूमितीवर चर्चा चाललेली त्यांच्या कानावर पडली आणि ते चक्रावले. मग त्यांनी सिनेटरांना गाठून प्रकरण समजावून सांगितलं आणि सिनेटने विधेयक बेमुदत पुढे ढकललं.

त्या ६७ जणांना मूर्ख म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी म्हणत नाही. त्यांच्यासमोर रोज वेगवेगळ्या विषयांचे कागद येत असणार, त्यातलाच हा एक. विचारावं असा माणूस जवळपास नव्हता, आणि विरोध करायला कारणही दिसत नव्हतं. पाय वाचला तो एका प्राध्यापकाचं अनुदानाचं काम नेमकं त्याच सुमारास निघालं म्हणून. संसदेतले तंत्रज्ञानाचे गट, म्हणजे एका विषयासाठी जमलेले निरनिराळ्या पक्षांचे सदस्य आणि त्यांना जोडलेल्या संस्था, ही हा योगायोग नेमाने घडवून आणायची सोय. भाषणं, जेवणं, प्रदर्शनं, अहवाल हा सगळा त्या सोयीचा खर्च समजा.

माझ्याबद्दल थोडंसं, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी मूळचा नियंत्रण प्रणालींचा इंजिनीअर. एका अभियंता संस्थेच्या वतीने वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटिश संसदेत, अठरा वर्षं ये-जा केली, त्यातली काही वर्षं एका गटाचं सचिवाचं काम सांभाळलं. सचिव म्हणजे खोली मिळवणारा, खुर्च्या मोजणारा, वक्त्याला "वीस नव्हे, सात मिनिटं" असं पुन्हा पुन्हा सांगणारा माणूस.

या गटांचा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे. ब्रिटिश संसदेतली 'पार्लमेंटरी अँड सायंटिफिक कमिटी' १९३९ सालची. दोन्ही सभागृहांचे सदस्य, वैज्ञानिक संस्था आणि उद्योग यांना एका टेबलाशी बसवणारी ही व्यवस्था अशा गटांमधली पहिली मानली जाते. माहिती तंत्रज्ञानाचा स्वतंत्र गट, पिटकॉम, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आला. तेव्हा सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी वेगळा मंत्री नेमला होता आणि १९८२ हे 'माहिती तंत्रज्ञान वर्ष' म्हणून साजरं केलं होतं. पुढे २०११ मध्ये पिटकॉम आणि दळणवळणाचा गट एकत्र येऊन पिक्टफोर झाला. अभियांत्रिकीचे गट वेगळे, अवकाशाचे वेगळे, ऊर्जेचे वेगळे. २०२३ पर्यंत सगळ्या विषयांचे मिळून ७००हून अधिक सर्वपक्षीय गट झाले होते. खासदार ६५० आणि गट ७००! यावरूनच ओळखा की, त्यातले बरेचसे कागदावर होते.

एक गोष्ट नवीन माणसाला हमखास कळत नाही, ती आधीच सांगतो. हे गट संसदेच्या समित्या नाहीत. 'सिलेक्ट कमिटी' साक्षीदाराला बोलावू शकते, कागदपत्रं मागू शकते आणि तिच्या अहवालाला सरकारने उत्तर द्यावं लागतं. सर्वपक्षीय गटाला यातला एकही अधिकार नाही. त्याच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर कितीही भारदस्त नाव असलं, तरी तो संसदेचा अहवाल ठरत नाही. वर्तमानपत्रं हा फरक सर्रास विसरतात आणि काही गट तो विसरला जावा अशीच मांडणी करतात. तुम्ही विसरू नका.

आता 'शिकवता येतं का' या प्रश्नाकडे येतो.

माझी पहिली दोन वर्षं शिकवण्यात वाया गेली. प्रणाली कशी चालते, कुठे अडते, याचं चौदा पानांचं टिपण मी तयार करायचो, आकृत्यांसह. एकदा उमरावांच्या सभागृहातल्या एका सदस्याच्या मदतनीस मुलीने मला बाजूला घेऊन फार सभ्यपणे सांगितलं, "हे छान आहे, पण आम्हाला मंगळवारी उभं राहून काय म्हणायचंय ते यात कुठेच नाही." खरं होतं. मी त्यांना विषय देत होतो आणि त्यांना वाक्य हवं होतं.

खासदाराचा दिवस एकदा जवळून पाहिला की राग निवळतो. सकाळी मतदारसंघातल्या घरांचा प्रश्न, मग रुग्णालयाचा, दुपारी मत्स्यव्यवसायावर मतदान, मधल्या पाऊण तासात तुमचा 'वितरित प्रणालींची विश्वसनीयता' हा विषय. त्यातही मतदानाची घंटा वाजली की आठ मिनिटांत लॉबीत पोहोचायचं असतं, तेव्हा वक्ता वाक्याच्या मध्यावर असला तरी सगळे उठून जातात. अशा माणसाला तुम्ही कूटलेखन (एन्क्रिप्शन) शिकवू शकत नाही, आणि शिकवायची गरजही नाही. पुलावर मत देणाऱ्या खासदाराला काँक्रीटचं मिश्रण जमावं अशी आपली अपेक्षा नसते. पण "हा भार कोणी तपासला?" हे त्याने विचारावं, अशी मात्र असते. तंत्रज्ञानातही खासदाराला सांगायचे ते हेच दोन-तीन प्रश्न. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो असा: "हे बिघडलं, तर बिघडलंय हे कोणाला कळेल, आणि कसं?"

हा प्रश्न वेळेवर न विचारल्याची किंमत ब्रिटनने मोजली आहे. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण अशा गटाचं काम काय असायला हवं होतं हे तिच्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

१९८४ सालच्या पोलीस आणि फौजदारी पुराव्याच्या कायद्यात ६९ वं कलम होतं. संगणकातून निघालेला कागद न्यायालयात पुरावा म्हणून आणायचा, तर संगणक त्या काळात नीट चालत होता हे आणणाऱ्याने दाखवावं, असं ते सांगायचं. कलम कटकटीचं होतं, यात वाद नाही. श्वास तपासणाऱ्या यंत्राच्या चिठ्ठीपासून दुकानाच्या पावतीपर्यंत सगळीकडे ते आडवं यायचं. विधी आयोगाने १९९७ मध्ये ते काढून टाकायची शिफारस केली. संगणकाच्या बहुतेक चुका लगेच लक्षात येतात, नाहीतर मुळात माहिती भरण्यातच झालेल्या असतात, असा त्यामागचा एक विचार होता. १९९९ च्या कायद्याने कलम रद्द झालं आणि २००० पासून ते उरलंच नाही. त्यानंतर न्यायालयांनी गृहीत धरायचं ते असं: उलट काही दिसत नाही तोवर संगणक बरोबर.

"बहुतेक चुका लगेच लक्षात येतात" हे वाक्य चार प्रोग्रामरांसमोर वाचून पाहा. हसतील. ज्या चुका लगेच दिसतात त्या आपण दुरुस्त करून मोकळे होतो. पोटात राहतात त्या बाकीच्या. दोन नोंदी एकाच क्षणी आल्या तरच उमटणारी चूक, जोडणी मध्येच तुटली आणि व्यवहार दोनदा गेला तरच दिसणारी चूक, अशा चुका महिनोन् महिने झोपून राहतात. हे सांगायला संशोधक लागत नाही, रात्रपाळीला आधार देणारा कोणीही सांगेल. कलम रद्द होताना ही गोष्ट निर्णयापर्यंत पोहोचवणारा वॉल्डो त्या इमारतीत नव्हता.

आणि नेमकं १९९९ मध्येच टपाल कार्यालयांमध्ये होरायझन ही हिशेबाची प्रणाली बसायला सुरुवात झाली. प्रणाली तूट दाखवायची आणि उप-टपालमास्तरांना ती खिशातून भरावी लागायची. भरता आली नाही की चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे आरोप. २०१५ पर्यंत ९००हून अधिक जण दोषी ठरले, त्यातले बहुसंख्य खटले खुद्द पोस्ट ऑफिसने चालवले होते. प्रणालीत दोष होते आणि त्यांमुळे हिशेबात तूट दिसू शकत होती, हे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये निकालात लिहिलं. अखेर २०२४ मध्ये संसदेला वेगळा कायदा करून या शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. न्यायालयाने दिलेल्या शिक्षा संसदेने कायद्याने पुसणं ही किती असाधारण गोष्ट आहे, ते कुठल्याही वकिलाला विचारा.

या प्रकरणात संसदेतून कोण उभं राहिलं, हेही आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. जेम्स आर्बथनॉट हे हुजूर पक्षाचे खासदार, पेशाने बॅरिस्टर. त्यांच्या मतदारसंघातल्या एका खेड्यात टपाल कार्यालय चालवणाऱ्या बाई अडकल्या, तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं. मग दुसऱ्या खासदाराच्या मतदारसंघातली तशीच तक्रार, मग तिसरी. खासदारांचा गट जमला आणि त्यांच्या दबावामुळे २०१२ मध्ये स्वतंत्र लेखातपासनीस नेमले गेले. हा पाठपुरावा मतदाराच्या तक्रारीतून सुरू झाला, तंत्रज्ञानाच्या एखाद्या व्याख्यानमालेतून नव्हे. आमच्यासारखे गट त्या काळात भविष्यातल्या ब्रॉडबँडवर परिसंवाद भरवत होते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लपवण्यातही अर्थ नाही.

यातून मी एक धडा घेतला आणि पुढे सचिव म्हणून तो वापरला. प्रत्येक बैठकीआधी मी सदस्यांच्या कार्यालयांना विचारायचो, "या विषयावर मतदारांची पत्रं आली आहेत का?" पत्रं असतील, तर त्या बैठकीला खुर्च्या कमी पडायच्या. खासदाराकडे त्रास असतो आणि तुमच्याकडे त्या त्रासाचं कारण. दोन्ही एका खोलीत आणणं एवढंच सचिवाचं कौशल्य.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर इंजिनीअर सगळं जाणतात आणि खासदार काहीच जाणत नाहीत असा तुमचा समज व्हायचा. १९८०च्या दशकात दोघांनी प्रेस्टेल या संगणकावरच्या माहितीसेवेत शिरून ड्यूक ऑफ एडिनबरा यांची इलेक्ट्रॉनिक टपालपेटी उघडली. त्यांच्यावर बनावट दस्तऐवजांच्या कायद्याखाली खटला चालला. पासवर्ड टाकणं म्हणजे 'खोटं साधन बनवणं' नव्हे, असं शेवटी १९८८ मध्ये लॉर्ड्सनी, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ठरवलं आणि दोघं सुटले. कायदा हवा हे उघड झालं. १९९० मध्ये मायकेल कॉल्व्हिन या खासदाराच्या खासगी विधेयकातून संगणक गैरवापर कायदा आला. त्या कायद्यात 'संगणक' या शब्दाची व्याख्याच नाही. आपल्यासारख्यांना हे पाहून अंगावर काटा येतो. आपण असतो तर प्रोसेसर, स्मृती, साठवण असं सगळं कलमवार लिहून मोकळे झालो असतो, आणि पंधरा-वीस वर्षांत फोन, गाडी, मीटर या सगळ्यांनी त्या व्याख्येच्या चिंध्या केल्या असत्या. व्याख्या न करण्यातलं शहाणपण कायद्याच्या माणसांचं आहे.

त्याच कायद्यात मोठं भोकही आहे. परवानगीशिवाय प्रवेश केला की गुन्हा, हेतू चांगला असला तरी. त्यामुळे त्रुटी शोधून कळवणारा सुरक्षा संशोधकही त्यात सापडू शकतो. हे बदलावं म्हणून कितीतरी वर्षं आटापिटा चालू आहे. इथे तुमच्यासारखीच्या अनुभवाला किंमत आहे, कारण 'त्रुटी सापडली, पण कळवायला घाबरले' हे वाक्य कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त काम करतं.

पैशांचं बोलू. कंपन्यांची चहापानं का? काही अंशी, हो.

गटाला संसद पैसे देत नाही. खोली मिळते, बाकी सगळं बाहेरून. सचिवाचं काम सहसा एखादी संस्था, जनसंपर्क कंपनी किंवा उद्योगसंघ करतो. एका स्रोताकडून वर्षाला १,५०० पौंडांपेक्षा जास्त लाभ झाला की तो नोंदवहीत दाखवावा लागतो, आणि ती नोंदवही कोणालाही पाहता येते. मार्च २०२४ च्या अखेरीस नियम आणखी कडक झाले. परदेशी सरकारच्या पैशावर चालणारं सचिवालय बंद. एका सदस्याला सहापेक्षा जास्त गटांचं पदाधिकारी होता येत नाही. गटाला किमान वीस सदस्य हवेत. नुसत्या या अटींनी शेकडो कागदी गट गळून पडले.

तुमच्या गटाची नोंद आजच काढून पाहा. पैसा एकाच कंपनीचा आहे की दहा संस्थांच्या वर्गणीचा, याने खूप फरक पडतो. प्रायोजक खोटं बोलायला लावतो अशी लोकांची कल्पना असते. माझ्या पाहण्यात तसं क्वचितच झालं. होतं ते वेगळंच: काही विषय पत्रिकेवर येतच नाहीत. सायबर सुरक्षेवर वर्षात पाच बैठका होतात, पण सरकारी कंत्राटातून बाहेर पडताना विदा (डेटा) परत कशी मिळवायची, यावर एकही नाही. कोणी मनाई केलेली नसते. "हा विषय जरा कोरडा आहे," एवढंच कोणीतरी म्हणतं. एका वर्षी मी स्वतः असा विषय मागे घेतला होता, कारण वर्गणीच्या नूतनीकरणाचा महिना होता. म्हणून सांगतो, गट ओळखायचा असेल तर झालेल्या बैठकांची यादी घ्या आणि न झालेल्या बैठका शोधा.

या सगळ्यावर उतारा म्हणून संसदेची स्वतःची यंत्रणा असावी लागते. ब्रिटनमध्ये ती आहे: पोस्ट, म्हणजे संसदेचं विज्ञान आणि तंत्रज्ञान कार्यालय. १९८९ मध्ये ते देणग्यांवर सुरू झालं, काही वर्षांनी संसदेने खर्च उचलला आणि २००१ मध्ये ते कायमचं झालं. त्यांची चार पानी टिपणं तुम्ही वाचली नसतील तर आधी ती वाचा. शिफारस नाही, बाजू नाही, फक्त काय माहीत आहे, कशावर वाद आहे आणि तो का. मी चौदा पानांवरून एका पानावर आलो तो त्या टिपणांकडे पाहून. जर्मनीच्या संसदेकडे १९९० पासून असंच कार्यालय आहे. फ्रान्समध्ये १९८३ पासून १८ प्रतिनिधी आणि १८ सिनेटर यांचं संयुक्त कार्यालय आहे, म्हणजे तिथे मूल्यमापन खुद्द खासदारच करतात. अमेरिकेने १९७२ मध्ये या बाबतीत सगळ्यांच्या आधी पाऊल टाकलं आणि १९९५ मध्ये खर्चकपातीत ते कार्यालय बंद केलं. इंटरनेट घराघरात शिरायला लागलं नेमकं तेव्हाच. २०१८ मध्ये एका सिनेटरने फेसबुकच्या प्रमुखांना विचारलं होतं की, लोक पैसे देत नाहीत तर तुमचा धंदा चालतो कसा, आणि उत्तर मिळालं होतं, "आम्ही जाहिराती दाखवतो." जग हसलं. मला प्रश्न तितका वाईट वाटला नाही. पुढचा प्रश्न हातात देणारं कोणी त्या सिनेटरच्या मागे बसलेलं नव्हतं, ते वाईट वाटलं.

भारताच्या संसदेत रचना निराळी आहे. तिथे विभागवार स्थायी समित्या आहेत, २००४ पासून २४, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञानाची त्यातलीच एक. शिवाय सभागृहांचे 'संसदीय मंच' सुरू झाले, पहिला २००५ मध्ये जलसंधारणावर. पण विधेयक समितीकडे पाठवायलाच हवं असं बंधन नाही, पाठवलं तर मात्र खोल काम होऊ शकतं. वैयक्तिक विदा संरक्षणाचं २०१९ चं विधेयक संयुक्त समितीकडे दोन वर्षं होतं, समितीने ८१ दुरुस्त्या सुचवल्या, सरकारने २०२२ मध्ये विधेयकच मागे घेतलं आणि २०२३ मध्ये नवीन, आटोपशीर कायदा केला. त्या दोन वर्षांचा उपयोग झाला की नाही, यावर दोन वकील एकत्र आले तर तीन मतं निघतील.

आता तुम्ही काय करायचं.

विधेयकाचं वेळापत्रक भिंतीवर लावा. दुसरं वाचन, म्हणजे विधेयकाच्या तत्त्वावरची चर्चा, झालं आणि कलमवार तपासणीचा समितीचा टप्पा सुरू व्हायचा आहे, या मधल्या दिवसांत तुमचं एक पान सोन्याच्या मोलाचं असतं. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, वाचनानंतर त्या सभागृहात तेच पान रद्दी. त्या पानावर तीन गोष्टी असू द्या: कोणत्या कलमातले कोणते शब्द, त्याने प्रत्यक्षात काय घडेल, आणि त्याऐवजी कोणते शब्द. दुरुस्तीचा मसुदा ओबडधोबड असला तरी चालतो, सभागृहाचे लेखनिक तो घासूनपुसून देतात. दुरुस्ती मंजूर होणार नाही हे धरूनच चाला. ती मांडली की मंत्र्याला उठून उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर नोंदीत राहतं.

याचं ताजं उदाहरण म्हणजे २०२३ चा ऑनलाइन सुरक्षा कायदा. टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असलेल्या संदेशांमध्येही बालकांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर शोधायला लावण्याचा अधिकार नियामकाला देणारं कलम त्यात होतं. सुरक्षातज्ज्ञ सांगत राहिले की, फक्त चांगल्या माणसालाच उघडेल असं कुलूप बनत नाही. कलम गेलं नाही. पण तंत्रदृष्ट्या शक्य असेल तेव्हाच तसा आदेश निघेल, असं सप्टेंबरमध्ये मंत्र्याने उमरावांच्या सभागृहात उभं राहून सांगितलं. काही जण याला विजय म्हणाले. मी अर्धा म्हणेन: अधिकार कागदावर आहे आणि 'शक्य आहे' हे कोण ठरवणार हा वाद पुढच्या पिढीसाठी ठेवलेला आहे. तो वाद निघेल तेव्हा कदाचित तुम्हीच तिथे असाल.

खासदारापेक्षा त्याच्या कार्यालयातल्या संशोधकाशी ओळख करा. पंचविशीतली, कमी पगारावरची, प्रचंड कामाखाली दबलेली मुलं असतात ती, आणि भाषणातलं वाक्य बहुधा त्यांच्याच हातून जातं. त्यांनी रात्री नऊला फोन केला तर उचला. एखादी गोष्ट माहीत नसेल तर नाही म्हणा आणि कोणाला माहीत आहे ते नाव द्या. तुमच्या संस्थेच्या भूमिकेविरुद्धचा सगळ्यात जोरदार मुद्दा तुम्हीच आधी सांगा. तो त्यांना सभागृहात दुसऱ्या बाजूकडून ऐकावा लागला, तर ते तुम्हाला पुन्हा कधीच फोन करणार नाहीत.

प्रात्यक्षिक नेऊ नका. नेलंच तर वायफायवर अवलंबून असलेलं तरी नकोच. मी एकदा नेलं होतं आणि अकरा खासदारांनी गोल गोल फिरणारं चिन्ह पाहिलं. एका पाकिटाने आणि एका पोस्टकार्डाने कूटलेखन जितकं समजतं, तितकं पडद्यावर समजत नाही.

आणि बसताना दाराजवळची खुर्ची पकडा. मानाची जागा नाही ती, वक्ताही तिथून नीट दिसत नाही. पण घंटा वाजली की सगळे खासदार त्याच दाराने बाहेर पडतात. जो कोणी तुमच्या विषयावर मान हलवत होता, त्याच्याबरोबर उठा आणि जिन्यापर्यंत चाला. साधारण दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात कलमाचा क्रमांक आणि तो एक प्रश्न सांगून होतो, कागद त्याच्या हातात जातो, आणि पुढे तुम्हाला जाता येत नाही.